फोस्टरला कुत्रं घरी न्यायच्या आधी एवढं विचारा

मा. संपादक साहेब, स.न.वि.वि.

दिवाळी झाली की आमच्या अमळनेरात गल्लोगल्ली पिल्लं दिसायला लागतात आणि मग व्हॉट्सअ‍ॅपवर फोटो फिरतात, अर्जंट फोस्टर पाहिजे (म्हणजे कायमचं घर मिळेपर्यंत तात्पुरतं सांभाळणारं कुणीतरी), फक्त पंधरा दिवस, कुणीतरी घ्या हो. दोन वर्षांपूर्वी असाच एक फोटो बघून मी हो म्हटलं. रात्री साडेनऊला कुत्री वाचवणाऱ्या एका गटाची दोन पोरं गाडीवर आली, खोक्यातलं पिल्लू हातात दिलं, थँक्यू ताई म्हणाली आणि गेली. लस झालीय ना एवढंच मी विचारलं, हो झालीय म्हणाले.

चौथ्या दिवशी पिल्लानं खाणं सोडलं, मग उलट्या, मग रक्ताचे जुलाब. पार्व्हो, म्हणजे पिल्लांना होणारा जीवघेणा संसर्ग. रात्री ढोरांचा दवाखाना बंद, त्या गटाचा फोन बंद, सकाळी उजाडल्या उजाडल्या धरणगाववरून जळगाव गाठलं, तीन दिवस सलाइन लावलं, सगळा खर्च मीच केला आणि तरी ते गेलं. जेमतेम दोन महिन्यांचं होतं. नंतर कळलं की "लस" म्हणजे त्यांनी जंताचं औषध पाजलं होतं, त्यांना खरंच वाटत होतं की तीच लस! पोरं वाईट नव्हती, खिशातले पैसे घालून करत होती, पण मी नीट विचारलं असतं तर निदान पहिल्याच दिवशी डॉक्टरकडं नेलं असतं.

म्हणून हे पत्र. लस झालीय का असं विचारूच नका, कार्ड दाखवा म्हणा. कोणती लस, कोणत्या तारखेला, कुपीचं स्टिकर चिकटवलंय का. पिल्लाला पार्व्हो आणि डिस्टेंपर (हाही तसाच जीवघेणा संसर्ग) यांच्या लसीचा पहिला डोस साधारण ६ ते ८ आठवड्यांचं असताना देतात आणि मग दर ३-४ आठवड्यांनी १६ आठवड्यांपर्यंत, म्हणजे एक इंजेक्शन झालं की काम झालं असं नसतं. रेबीजची लस तर तीन महिन्यांनंतरच. मग पुढचे डोस कुणी द्यायचे, पैसे कुणाचे, हे त्याच दिवशी बोलून घ्या. आणि त्याला दुसऱ्या कुत्र्यानं चावलं होतं का किंवा ते कुणाला चावलंय का हेही लाज न बाळगता विचारा, घरात लहान लेकरं असतील तर नक्कीच. चावलंच तर साबण लावून वाहत्या पाण्याखाली पंधरा मिनिटं जखम धुवायची आणि लगेच सरकारी दवाखाना गाठायचा, हळद-चुना लावत बसायचं नाही.

दवाखान्याचं तर सगळ्यात आधी. जळगाव-धुळ्यात राहणाऱ्यांचं ठीक आहे, आम्ही तालुक्याच्या गावातले, आमच्याकडं बहुतेक डॉक्टर गाई-म्हशींचे. रात्री अकराला काही झालं तर कुणाला फोन करायचा, तो उचलेल का, नाही उचलला तर दुसरा नंबर कोणता, न विचारता नेलं तर बिल देणार का. तोंडी नाही, मेसेजवर लिहून घ्या.

दुसऱ्या वेळेस मी वेगळ्या गटाकडं गेले. त्या ताईंनी उलट मलाच पाऊण तास प्रश्न विचारले. घर भाड्याचं का, मालक हो म्हणतो का, दिवसभर कोण असतं, उन्हाळ्यात पत्र्याखाली बांधणार का, खायला काय देणार (आमच्याकडं उरलेलं भरीत टाकायची सवय, पण कांदा-लसूण कुत्र्याच्या रक्तावर वाईट परिणाम करतो हे मला तेव्हा कळलं). आणि मग विचारलं, घरात आधी कुठलं कुत्रं आजारी पडून गेलंय का? मी सगळं सांगितलं. फरशी फिनेलनं धुतली होती म्हटलं तर त्या म्हणाल्या फिनेलनं पार्व्हो मरत नाही, आधी घासून साफ करून मग ब्लीच लागतं, आणि अंगणातल्या मातीत तो वर्षभरसुद्धा टिकू शकतो. म्हणून मला पिल्लू दिलंच नाही. लस पूर्ण झालेली, मोठी कुत्री दिली, भुरी नावाची. मला तेव्हा वाईट वाटलं होतं पण खरं सांगते, तिथंच माझा विश्वास बसला. ज्या गटाला तुमच्याबद्दल काहीच जाणून घ्यायचं नाही त्यांच्याकडून कुत्रं घेताना दहा वेळा विचार करा.

भुरीच्या कानाला कट आहे, म्हणजे नसबंदी झालेली. अशी कुत्री शक्यतो जिथून उचलली तिथंच परत सोडायची असा २०२३ चा नियम आहे, त्यामुळे हिला का उचललं आणि बरी झाल्यावर कुठं जाणार हे मी विचारलं. गाडीनं उडवलेली, मागचा एक पाय कापावा लागला, आता रस्त्यावर टिकणार नाही म्हणून घर शोधताय असं कळलं. घर कोण ठरवणार, मला त्या माणसांना भेटता येईल का, हेही विचारून ठेवलं.

आणि सगळ्यात महत्त्वाचा प्रश्न, जो मी पहिल्यांदा विचारलाच नव्हता, मला जमलं नाही तर किती दिवसात घेऊन जाल? त्यांनी लिहून दिलं, तीन दिवस. मे महिन्यात, पारा पंचेचाळीसला टेकलेला असताना आईला अ‍ॅडमिट करावं लागलं. फोन केला, दुसऱ्या दिवशी सकाळी गाडी दारात. आई बरी होऊन घरी आली आणि आठवड्याभरात तिनंच विचारलं, आपली भुरी कधी येणार?

खान्देशातल्या सगळ्या गटांना हात जोडून विनंती, कुत्रं देताना एका कागदावर मराठीत लस, डॉक्टर, खर्च आणि परत न्यायची मुदत एवढं लिहून द्या. कागदाला पैसे लागत असतील तर झेरॉक्सचा खर्च मी देते.

आपली,
एक वाचक, अमळनेर, जि. जळगाव