वयाचा आकडा पाहून माल्ट निवडू नका

संपादक महोदय,

सिंगल माल्ट स्कॉचवरील, म्हणजे एकाच डिस्टिलरीत फक्त मोड आणलेल्या जवापासून बनलेल्या स्कॉटलंडच्या व्हिस्कीवरील, आपल्या लेखात जास्त वय आणि गडद रंग पाहून बाटली निवडावी, असे सुचवले आहे. दोन्ही खुणा फसव्या आहेत. लेबलवरचा 12 किंवा 18 हा आकडा बाटलीतल्या सर्वांत कोवळ्या व्हिस्कीचे वय सांगतो, ती ज्या लाकडी पिंपात मुरली त्याबद्दल काहीच नाही. बर्बनच्या (अमेरिकन व्हिस्कीच्या) जुन्या पिंपातून व्हॅनिला-खोबऱ्याकडे झुकणारी चव येते, शेरीच्या (स्पॅनिश वाइनच्या) पिंपातून मनुका-अंजिराची. अनेकदा वापरून निःसत्त्व झालेल्या पिंपात 18 वर्षे ठेवूनही फारसे काही उतरत नाही. रंगासाठी तर साधे कॅरॅमल घालायला नियमांचीच मुभा आहे.

त्यापेक्षा मद्यांश पाहा. किमान 40 टक्के बंधनकारक आहे. 40-43 टक्क्यांची व्हिस्की बर्फाने गढूळ होऊ नये म्हणून बहुधा थंड करून गाळतात. त्यात स्निग्ध घटक जातात आणि चवीचा भरीवपणा कमी होतो. 46 टक्क्यांपासून पुढे ही गरज सहसा उरत नाही. बुनाहाव्हेन 12 घ्या: 46.3 टक्के, थंड गाळणी नाही, वरून रंग नाही. धुरकट व्हिस्कीसाठी प्रसिद्ध असलेल्या स्कॉटलंडच्या आयला बेटाची असूनही ती जवळजवळ धुरकट नसते! अशा व्हिस्कीत पाणी घातल्यावर धूसरपणा आला तर भेसळीची शंका घेऊ नका. तेच ते स्निग्ध घटक.

चव घेताना तोंडाशी निमुळता ग्लास आणि 25 मिली पुरे. आपल्याकडच्या 33-34 अंशांच्या खोलीत मद्यार्काची वाफच आधी नाकात जाते, म्हणून बाटली थोडा वेळ फ्रिजमध्ये ठेवून 20 अंशांच्या आसपास आणा. बर्फ नको, त्याने सुगंध दबतो. ओठ किंचित उघडे ठेवून वास घ्या. पहिला घोट कोरा, मग चमचाभर, म्हणजे 5 मिली पाणी. 46 टक्क्यांची व्हिस्की त्याने सुमारे 38 वर येते. चकली, तिखट शेंगदाणे नंतर, कारण तिखटाने जीभ बधिर होते. तीन-चार माल्ट चाखायचे असतील तर लॅफ्रॉइग, आर्डबेग हे आयलाचे धुरकट माल्ट शेवटी. त्यांचा पीटचा (जव वाळवताना जाळलेल्या दलदलीतल्या मातीचा) धूर जिभेवर बसला की स्कॉटलंडच्याच स्पेसाइड भागातले नाजूक माल्ट पाण्यासारखे लागतात.

बाटली उभीच ठेवा, आडवी ठेवल्यास मद्यार्काने बूच खराब होते. तळाशी पाव भाग उरला की तो लहान बाटलीत काठोकाठ भरा, नाहीतर हवेने सुगंध उतरत जातो.

– एक वाचक, पुणे