गाळ नव्हे, चुकीचे निरोप

मा. संपादक,
स. न. वि. वि.

रक्तवाहिनी म्हणजे नळ आणि कोलेस्टेरॉल म्हणजे त्यात साचलेला गाळ, हे उदाहरण इतके घोटले गेले आहे की 'गाळ धुऊन काढणाऱ्या' काढ्यांना सांगली-मिरजेत गिऱ्हाइकांची वाण नाही. पण बिघाड नळाच्या पोकळीत नसतो, भिंतीच्या आत असतो.

रक्तातून कोलेस्टेरॉल वाहून नेणारा एलडीएलचा कण जेमतेम २२ नॅनोमीटरचा. रक्तात हे कण वाढले की धमनीच्या अस्तराखाली शिरून अडकतात. तिथे त्यांचे ऑक्सिडेशन होते, म्हणजे डब्यातले शेंगदाणा तेल खवट होते तसेच काहीसे. अस्तराच्या पेशीवर लॉक्स-१ नावाचा ग्राही, म्हणजे ठरावीक कण पकडणारे प्रथिन, असतो; जपानी संशोधकांनी १९९७ मध्ये तो दाखवून दिला. खवट कण त्यावर बसला की पेशीत एनएफ-कप्पा-बी हा दाहाची जनुके चालू करणारा घटक जागा होतो, वाहिनी सैल ठेवणारे नायट्रिक ऑक्साइड घटते आणि पांढऱ्या पेशींना आवतण जाते. एमसीपी-१ हे प्रथिन त्यांना हाक मारते, व्हीकॅम-१ हे दुसरे धरून ठेवते.

आत आलेल्या पेशी सीडी-३६ सारख्या ग्राहींनी हे कण गिळू लागतात. खरी गोम इथेच आहे. साध्या एलडीएलचा ग्राही पेशीचे पोट भरले की आपसूक कमी होतो. तो उलगडणाऱ्या ब्राउन आणि गोल्डस्टीन यांना १९८५ चे नोबेल मिळाले. सीडी-३६ ला तसा लगाम नाही. पेशी फुगते, फेसाळते, मरते. मागे उरलेले कोलेस्टेरॉलचे स्फटिक पुन्हा दाह पेटवतात. वरचे आवरण पातळ होऊन फाटले की गुठळी. म्हणूनच निम्म्याहून कमी अरुंद वाहिनीतही झटका येऊ शकतो.

मग ऑक्सिडेशन थांबवणारी कॅप्सूल घ्यावी का? २००० साली प्रसिद्ध झालेल्या 'होप' चाचणीत साडेनऊ हजार रुग्णांवर रोज ४०० युनिट ई-जीवनसत्त्वाचा प्रयोग झाला. फायदा शून्य.

अडकायला कणच कमी ठेवणे, हा उपाय टिकला. त्यासाठी ऑक्सिडाइज्ड एलडीएलची महागडी तपासणी नको. साध्या रिपोर्टात एकूण कोलेस्टेरॉलमधून एचडीएल (ज्याला 'चांगले' कोलेस्टेरॉल म्हणतात) वजा करा: २१० वजा ३८, म्हणजे १७२. धमनीला घातक असे सगळे कण या आकड्यात येतात. ट्रायग्लिसराइड (रक्तातली चरबी) ४०० च्या वर असेल तर सूत्राने काढलेल्या एलडीएलवर विसंबू नये. झटका येऊन गेलेल्यांसाठी युरोपीय मार्गदर्शक सूचना एलडीएल ५५ च्या खाली ठेवायला सांगतात. बहुतेक लॅबच्या रिपोर्टात छापलेली १०० ची 'नॉर्मल' मर्यादा त्यांच्यासाठी नाही.

स्टॅटिन, म्हणजे कोलेस्टेरॉल उतरवणारी गोळी, सुरू केल्यावर ४ ते १२ आठवड्यांनी तपासणी करतात. आकडा उतरला म्हणून अनेक जण त्याच दिवशी गोळी बंद करतात. तो गोळीने उतरलेला असतो. बंद केल्यावर काही आठवड्यांत पूर्वपदावर येतो. अंगदुखी वाटली तरी परस्पर सोडू नये. डॉक्टर मात्रा किंवा गोळी बदलून देतात.

— जीवरसायनशास्त्राचे अध्यापक, विश्रामबाग, सांगली