निवेदन देण्याआधी तुला विचारते आहे

ठाणे, रविवार रात्र

चि. ओंकार,
अनेक आशीर्वाद.

फोनवर हा विषय काढला की तू "आई, झालं ना ते आता" म्हणतोस आणि मेसच्या भाजीवर बोलायला लागतोस. म्हणून लिहिते आहे. येत्या शुक्रवारी आम्ही सात-आठ पालक आपल्या आमदारांच्या कार्यालयात निवेदन घेऊन जाणार आहोत. शाळकरी मुलांचा मुलांकडूनच होणारा छळ, मग तो वर्गातला असो की मोबाईलवरचा, यासाठी राज्याने वेगळा कायदा करावा, एवढीच मागणी आहे. मसुदा मी लिहिला आहे. त्यात "आठवीतला एक विद्यार्थी" असा परिच्छेद आहे. तो विद्यार्थी तू आहेस, आणि तुझ्या होकाराशिवाय तो परिच्छेद जाणार नाही.

मराठीच्या तोंडी परीक्षेत कविता म्हणताना तू 'प'वर अडकलास आणि मागच्या बाकावर कोणीतरी ते रेकॉर्ड केलं. संध्याकाळी ते वर्गाच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर होतं, दुसऱ्या दिवशी स्कूलबसमध्ये, आठवड्याभरात क्लासच्या मुलांकडेही. मग तुझ्या फोटोचे स्टिकर आले. आम्हाला कळलं तीन महिन्यांनी, उपवनला तळ्याकाठी बसलो असताना तू बाबांना विचारलंस, "मी शाळेत बोललोच नाही तर चालेल का?" ते तीन महिने तुझा डबा अर्धा परत येत होता आणि मी तुलाच रागावत होते. ते आठवलं की मला आजही झोप लागत नाही.

शाळेत गेलो. ग्रुप शाळेचा नाही, मोबाईल घरचे, वेळ शाळा सुटल्यानंतरची, असं उत्तर मिळालं. वर, "मुलं मस्करी करतात हो, त्याला जरा खंबीर करा." तुकडी बदलून देण्याची तयारी होती, पण तुझी! बाबा पोलिसांकडेही गेले. तिथले साहेब सभ्य होते. क्लिप त्यांनी दोनदा ऐकली. तिच्यात शिवी नव्हती, धमकी नव्हती, अश्लील काही नव्हतं. फक्त तुझा आवाज आणि मागे हसू. कोणतं कलम लावायचं, हा त्यांनाच प्रश्न पडला. ते म्हणाले, "समोरची मुलंही तेराचीच आहेत. तक्रार दिलीत तर बाल न्याय मंडळापर्यंत, म्हणजे अल्पवयीन मुलांची प्रकरणं चालतात तिथपर्यंत, जाईल. विचार करा." आम्ही विचार केला आणि परत आलो. तू तेव्हा याला माघार म्हणाला होतास. ज्याने रेकॉर्ड केलं तो आपल्याच सोसायटीतला, गणपतीत तुझ्या शेजारी उभा राहून टाळ वाजवणारा. त्याला मंडळापुढे उभं करावं असं मला तेव्हाही वाटलं नाही, आजही वाटत नाही. पण काहीच होऊ नये, असंही नव्हतं ना रे.

एकीकडे पोलीस आणि दुसरीकडे "जाऊ द्या", या दोन्हींच्या मधे आपल्याकडे शाळकरी मुलांसाठी धड काही नाही. गेले काही महिने रात्री जेवणं झाली की मी कायदे वाचत बसते. शिक्षण हक्क कायद्याच्या कलम १७ मध्ये 'मानसिक छळ' हे शब्द आहेत, पण कारवाई सेवानियमांखाली होते, म्हणजे प्रश्न शिक्षक-कर्मचाऱ्यांपुरता राहतो. सीबीएसईने २०१५ मध्ये आपल्या शाळांना छळविरोधी समित्या नेमायला सांगितलं, पण तुझी शाळा राज्य मंडळाची. आपल्या राज्याचा रॅगिंगविरोधी कायदा १९९९ चा आहे. तक्रार आल्यावर संस्थाप्रमुखाने ७ दिवसांत चौकशी करायची, टाळाटाळ केली तर त्यालाही जबाबदार धरायचं, हे त्यातलं मला फार पटलं. तेव्हा आपल्या मुख्याध्यापिकांनी अशी चौकशी केली असती तर तुझी तक्रार निदान कागदावर आली असती. पण त्याच कायद्यात २ वर्षांपर्यंत कैद आहे आणि दोषी ठरलेल्याला ५ वर्षं दुसरीकडे प्रवेश नाही. तेरा वर्षांच्या मुलाला ते कसं लावायचं?

जुलै २०२५ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने विद्यार्थ्यांच्या मानसिक आरोग्यासाठी मार्गदर्शक तत्त्वं दिली. १०० किंवा जास्त विद्यार्थी असतील तिथे समुपदेशक, मानसशास्त्रज्ञ किंवा समाजसेवक हवा, असं त्यात आहे. कायदा होईपर्यंत ही तत्त्वं बंधनकारक राहतील असं न्यायालय म्हणालं. म्हणजे पुढचं काम विधिमंडळांचं आणि संसदेचं. शिक्षण समवर्ती सूचीत, म्हणजे केंद्र आणि राज्य दोघांनाही कायदा करता येतो अशा विषयांत आहे, त्यामुळे राज्यालाही हा कायदा करता येतो. आमदारांना हेच सांगायचं आहे: सभागृहात सरकारचं लक्ष वेधणारी लक्षवेधी सूचना मांडा, नाहीतर स्वतः अशासकीय विधेयक, म्हणजे मंत्री नसलेल्या आमदाराने मांडायचं विधेयक, आणा.

बाबांना एक काळजी आहे, आणि ती रास्त आहे. कायदा ढोबळ लिहिला तर तो भलत्यांवरच चालतो. २०१२ मध्ये पालघरला, तेव्हा ते ठाणे जिल्ह्यातच होतं, एका फेसबुक पोस्टवरून दोन तरुणींना अटक झाली. एकीने लिहिलं होतं, दुसरीने फक्त लाईक केलं होतं. लावलेल्या कलमांत पुढे माहिती तंत्रज्ञान कायद्याचं ६६अ होतं, ऑनलाइन मजकुराबद्दलचं, ते सर्वोच्च न्यायालयाने २०१५ मध्ये रद्द केलं. म्हणून मसुद्यात आम्ही व्याख्या अरुंद ठेवली आहे: पुन्हा पुन्हा केलेला, एकाला अनेकांनी गाठून केलेला, ज्यामुळे मूल शाळेत यायला, बोलायला घाबरू लागतं असा छळ. घडला कुठेही, ग्रुप कोणाचाही असो, परिणाम वर्गात दिसत असेल तर शाळेने हात झटकायचे नाहीत. लेखी तक्रारीची पोच द्यायची. तुकडी बदलायची वेळ आली तर सोसणाऱ्याची बदलायची नाही. समुपदेशन दोघांचंही करायचं, आणि दोघांच्या आईवडिलांना समोरासमोर बसवायचं. त्या मुलाच्या आईशी मी अजून या विषयावर एक शब्द बोललेले नाही. लिफ्टमध्ये भेटतो, हसतो.

मसुदा तुला पाठवते आहे. परिच्छेद चौथा. 'अडखळत बोलणारा' हे शब्द ठेवायचे की काढायचे, तूच ठरव. पूर्ण परिच्छेद काढलास तरी मी शुक्रवारी जाणारच आहे, त्याचं ओझं घेऊ नकोस.

आणि अजून एक. ती क्लिप माझ्या जुन्या फोनमध्ये आहे. पुरावा म्हणून ठेवली होती. आमदारांना ती ऐकवणार नाही, कोणालाच ऐकवणार नाही. ठेवू की पुसून टाकू, गुरुवारपर्यंत कळव.

तुझी,
आई