मुलांच्या अंगावरची न दुखणारी गाठ

महोदय,

नातवाच्या पोटरीवर गाठ आली. खेळताना लागलं असेल, लेप लावा, असं सांगण्यात आलं. ती निघाली ऱ्हॅब्डोमायोसार्कोमा, मुख्यतः मुलांना होणारा स्नायूंसारख्या पेशींचा कर्करोग. मुंबईच्या डॉक्टरीणबाईंनी कागदावर काढून दाखवलं: याच्या एका प्रकारात २ आणि १३ क्रमांकाच्या गुणसूत्रांचे तुकडे अदलाबदल होतात, पॅक्स३ आणि फॉक्सओ१ ही जनुकं एकमेकांना जोडली जातात. हा जोड आईबापांकडून येत नाही, तो त्या पेशीतच घडतो. (सुनेला कुणी ग्रहण पाळलं नाहीस म्हणून बोललं होतं. हे ऐकून ती ढसाढसा रडली.) जोड असला तर आजार चिवट, म्हणून उपचार किती कडक हे ठरवताना तो बघतात. आजही भिस्त केमोथेरपी, शस्त्रक्रिया आणि रेडिएशनवर. थेट त्या जोडावर नेम धरणाऱ्या औषधांचं संशोधन चालू आहे. सरकारने त्याला हात आखडता घेऊ नये.

रत्नागिरी, सिंधुदुर्गात आता शासकीय वैद्यकीय महाविद्यालयं आहेत. वाढत जाणारी गाठ दिसताच तिथे एमआरआय व्हावा, घाईने कापाकापी न करता मूल थेट कर्करोग केंद्राकडे पाठवावं. आणि केमोच्या मधल्या रक्ततपासण्या तरी जिल्ह्यातच होऊ द्या. अशक्त लेकराला त्यासाठी रात्रभर एसटीत बसवणं बघवत नाही.

– एक आजी, देवगड