राखीव निधीची दोरी वॉशिंग्टनच्याच हाती
‘ब्रिक्स’ देशांनी जुलै २०१४ मध्ये ब्राझीलमधील फोर्टालेझा येथे १०० अब्ज डॉलरच्या आपत्कालीन राखीव निधीचा (परकीय चलनाच्या टंचाईत सदस्य देशाला उचल देणाऱ्या) करार केला. त्यात चीनचा वाटा ४१, भारताचा १८, दक्षिण आफ्रिकेचा ५ अब्ज. दक्षिण आफ्रिकेला वाट्याच्या दुप्पट, म्हणजे १० अब्जांपर्यंत उचल घेता येते. पण वॉशिंग्टनमधील आंतरराष्ट्रीय नाणेनिधीचा (आयएमएफ) कर्ज-कार्यक्रम त्या देशात चालू नसेल तर त्यातले ३० टक्केच, फक्त ३ अब्ज! ऐन टंचाईत तेवढ्याने काय भागणार? मुळात कर्जदार देशाची आर्थिक स्थिती तपासणारे कायमस्वरूपी कार्यालयच ब्रिक्सकडे नाही, म्हणून नाणेनिधीवर विसंबणे आले. अशाच परस्पर मदतीच्या चियांग माई करारातील आशियाई देशांनी २०११ मध्ये सिंगापुरात असे कार्यालय उभारले आणि पुढे नाणेनिधीविना मिळणारा हिस्सा २० वरून ४० टक्क्यांपर्यंत नेला. भारताने ब्रिक्समध्ये आधी या कार्यालयाचा आग्रह धरावा. समान चलनाची चर्चा नंतर.