गुंठेवारी होण्याआधी नगररचना योजना आखा

महोदय,

छत्रपती संभाजीनगरचा सातारा-देवळाई परिसर असो किंवा नांदेड, लातूर शहरांच्या शिवेवरील नव्या वसाहती, मराठवाड्यात घरे आधी उभी राहतात आणि रस्ता, नळ, ड्रेनेज यांचा विचार मागाहून होतो. आयुष्यभराची पुंजी घालून बॉण्डपेपरवर प्लॉट घेणारे कुटुंब मग वर्षानुवर्षे टँकरची वाट पाहत बसते. गुंठेवारी, म्हणजे शेतजमिनीचे परवानगीविना गुंठ्या-गुंठ्यांचे तुकडे पाडून झालेली वस्ती, नियमित करण्याचा कायदा २००१ मध्ये आला, २०२१ मध्ये त्याची व्याप्ती वाढवण्यात आली. पण शुल्क भरून कागद नियमित झाला, तरी अरुंद बोळ रुंद होत नाही.

आपल्याकडे सिंगापूरचे उदाहरण फार दिले जाते. तेथील सुमारे ८० टक्के लोक सरकारी मंडळाने बांधलेल्या घरांत राहतात हे खरे. मात्र तेथे बहुतांश जमीनच शासनाची आहे. एकेका सातबाऱ्यावर चार-चार भावांची नावे असलेल्या आपल्या भागाला जपान अधिक जवळचा आहे. १९२३ च्या भूकंपानंतर टोकियोची पुनर्रचना ज्या पद्धतीने झाली आणि जिच्यासाठी १९५४ मध्ये स्वतंत्र कायदा झाला, त्या पद्धतीत एका पट्ट्यातील सर्व मालकांच्या जमिनी एकत्रित आखल्या जातात, प्रत्येकाकडून ठरावीक हिस्सा रस्ते व उद्यानांसाठी घेतला जातो, उरलेली जमीन रस्त्यालगतच्या सुबक भूखंडाच्या रूपाने त्याच मालकाला परत मिळते आणि राखून ठेवलेले काही भूखंड विकून कामांचा खर्च भागवला जातो. मालकाचे क्षेत्र घटते, पण भाव वाढतो, आणि कोणालाही गाव सोडावे लागत नाही. जर्मनीत फ्रँकफर्टसाठी असा कायदा १९०२ मध्येच झाला होता.

त्यासाठी आपल्याला नवा कायदाही करावा लागणार नाही. मुंबई इलाख्यात याच पद्धतीची, म्हणजे नगररचना योजनेची, तरतूद १९१५ पासून होती आणि आजच्या १९६६ च्या महाराष्ट्र प्रादेशिक व नगररचना अधिनियमातही ती आहे. त्याच वारशावर गुजरातने अहमदाबाद वाढवले आणि २००१ च्या भूकंपानंतर भूजचे जुने शहर पुन्हा आखले. मराठवाड्यात मात्र ही तरतूद पुस्तकातच पडून राहावी, याचे मनस्वी वाईट वाटते.

२०२३ मध्ये महानगरपालिका झालेल्या जालन्याभोवती अजून शेते शिल्लक आहेत. तेथील जमिनींचे गुंठ्यांत तुकडे पडण्यापूर्वी महापालिकेने योजनेचा इरादा जाहीर करावा, आणि मालकांच्या हरकती ऐकून भूखंड ठरवणारा लवाद शासनाने योजनेचा मसुदा मंजूर होताच नेमावा, अशी विनंती आहे.

आपला,
एक वाचक, जालना