सरांचा रविवार

मा. संपादक,
सप्रेम नमस्कार.

शिक्षकदिन जवळ आला की वर्तमानपत्रांतून शिक्षकांचं कौतुक होतं. व्हायलाच हवं. पण इतिहासाच्या शिक्षकाचं निम्मं शिकवणं शाळेच्या फाटकाबाहेर तयार होतं, हे मी डोळ्यांनी पाहिलं आहे. ते लिहायचं राहून जाऊ नये म्हणून हे पत्र.

मी जुन्नर तालुक्यातली. १९९४ साली आठवीत आम्हाला इतिहासाला जे सर होते, ते अलीकडेच निवृत्त झाले. त्यांना आवडणार नाही म्हणून नाव लिहीत नाही. गावातल्या मारुतीच्या देवळामागे एक दगड अर्धा मातीत होता. आम्ही त्यावर बसून चिंचा खायचो. एका रविवारी सरांनी आम्हा पाच-सहा जणांना बादलीभर पाणी आणि नारळाची शेंडी घेऊन बोलावलं. "तारेचा ब्रश कोणी लावायचा नाही, दगड सोलवटतो," एवढं बजावून स्वतः घासायला बसले. धुऊन झाल्यावरही आम्हाला काही दिसेना. सर म्हणाले, थांबा. दिवेलागणीला त्यांनी बॅटरी समोरून न धरता दगडाच्या कडेला आडवी धरली, आणि चित्रं वर आली. सगळ्यात खाली पडलेला माणूस आणि त्याच्याशेजारी गाई. मधे त्याला वर नेणाऱ्या अप्सरा. त्यावर शिवलिंगापुढे हात जोडून बसलेला तोच माणूस, आणि माथ्याला चंद्र-सूर्य. गावची गुरं राखताना मेलेल्या माणसाचा तो वीरगळ, म्हणजे आठवणीचा दगड, होता. "नाव कुठे लिहिलंय?" मी विचारलं. सर म्हणाले, "नाही लिहिलं. पण चंद्र-सूर्य आहेत तोवर त्याची आठवण ठेवायची, असं गावानं कबूल केलंय." त्यानंतर आम्ही कोणी त्या दगडावर बसलो नाही.

सोमवारी वर्गात 'इतिहासाची साधने' हा धडा होता. भौतिक, लिखित, मौखिक. एरवी ती पाठ करायची यादी. त्या दिवशी पुस्तक उघडावंही लागलं नाही.

पुढे त्यांनी आम्हाला नाणेघाटात नेलं. जकातीचा म्हणतात तो दगडी रांजण सगळेच बघतात. सरांनी गुहेत नेऊन सातवाहन राजघराण्यातल्या पुतळ्यांची जागा दाखवली. पुतळे गेलेत, पावलांच्या खुणा उरल्यात आणि वर ब्राह्मीत कोरलेली नावं. गणितातलं अधिकचं चिन्ह असतं ना, तसाच ब्राह्मीतला 'क'. तो शोधत शोधत आम्ही 'सिमुक' वाचलं. दोन हजार वर्षांपूर्वीचं नाव आपल्याला वाचता येतं, याचा आनंद मला आजही शब्दांत सांगता येत नाही. नागनिका राणीनं यज्ञात दिलेल्या गाई-घोड्यांचे, नाण्यांचे आकडे त्याच गुहेच्या बाजूच्या भिंतींवर आहेत, हेही तिथेच कळलं.

सप्ताहात सर पखवाज वाजवत. संध्याकाळी त्यांच्या ओसरीवर कोणी ना कोणी मोडीतलं जुनं खरेदीखत घेऊन बसलेलं असे. कंदिलाच्या काचेसारखा कागद जपून धरायचे आणि ओळीवर बोट न टेकवता वाचून दाखवायचे. पैसा घेतला नाही. २०२३ साली कुणबी नोंदींचा शोध सुरू झाला आणि मोडी वाचणारी माणसं किती थोडी उरलीत हे सगळ्यांना कळलं. तेव्हा मला ती ओसरी आठवली.

आता माझी मुलगी आठवीत आहे. तिच्या बाई तरुण आहेत, इतिहासात एम. ए. आहेत आणि त्यांना विषयाची ओढ आहे. पण त्या तासिका तत्त्वावर आहेत. तास घेतला तरच पैसे. त्यामुळे रविवारी त्या दुसरीकडे शिकवण्या घेतात. जे शिक्षक कायम आहेत त्यांचे सुट्टीचे दिवस मतदार याद्यांत आणि ऑनलाइन माहिती भरण्यात जातात. शिक्षण हक्क कायद्याचं कलम २७ दशवार्षिक जनगणना, आपत्ती निवारण आणि निवडणुका सोडून दुसरी अशैक्षणिक कामं शिक्षकांना देऊ नका असं सांगतं. निदान तेवढं तरी काटेकोर पाळावं. इतिहासाची रिकामी पदं पूर्णवेळ भरावीत आणि गावातलं देऊळ, बारव, शिलालेख दाखवायला नेणं हे शिकवण्याचंच काम धरावं, त्याचं मानधन द्यावं. जुलै २०२५ मध्ये शिवनेरीसह १२ किल्ले जागतिक वारशाच्या यादीत गेले तेव्हा आमच्याकडे चौकाचौकात फलक लागले. मलाही अभिमान वाटला. पण किल्ला वाचायला शिकवणारा माणूस शाळेत तासावर ठेवायचा, हे मला पटत नाही.

बाईंनी परवा मुलीकडून निरोप पाठवला होता, "आईला तो वीरगळ ठाऊक आहे ना? मला दाखवतील का?" आम्ही दोन रविवार ठरवले. दोन्ही वेळा त्यांना शिकवणीमुळे येता आलं नाही. बादली आणि नारळाची शेंडी मी ओट्यावर काढून ठेवली आहे.

आपली,
एक वाचक, ता. जुन्नर, जि. पुणे